मवाळांचा अर्ज आणि तुझा गणवेश

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

(गणवेशातल्या मुलीला छकुली म्हणू नये, कळतं. पण आत्याची जीभ आता कुठे वळायची?)

आज खडकवासल्याला धरणाच्या भिंतीपाशी कणीस खात उभी होते. पाण्यापलीकडे तुमची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. सुट्टीत तू विचारलं होतंस, ‘लिबरल’ म्हटलं की ते शिवीसारखं का लागतं? तेव्हा भाजी निवडता निवडता मी काहीतरी पुटपुटले. अगं, ही शिवी जुनी आहे. आपल्या पुण्यात तिला ‘मवाळ’ म्हणत.

लिबरल विचारवंत मिलचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक इंग्लंडात १८५९ साली निघालं. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच लोकहितवादी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहून आपल्याच ब्राह्मण जातीची खरडपट्टी काढत होते. मिल आणि स्पेन्सर पचवलेले आगरकर त्यांच्या पुढे गेले. त्यांना सरकारइतकीच घरातली सत्ता जाचक वाटली. विधवेचं केशवपन करणारी, अजाण पोरीला बोहल्यावर चढवणारी. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ साप्ताहिक काढलं. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या, असं ते लिहीत. पुण्यानं काय केलं? जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. मला त्या सगळ्यांत तेच जवळचे.

‘सुधारक’ची इंग्रजी बाजू सांभाळणारे गोखले स्वभावानं वेगळे. आकडे मांडायचे, कायद्याच्या चौकटीत बोलायचं, हरलं की पुन्हा अर्ज करायचा. त्यांचे गुरू रानडे. सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली, तेव्हा रानड्यांनी भांडत न बसता १८९६ साली डेक्कन सभा काढली. जहालांनी या सगळ्याला राजकीय भिक्षा म्हटलं. कॉलेजात असताना मीही तसंच म्हणायचे, आणि मोठ्या ऐटीत. गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडलं. भिक्षा म्हण हवं तर, पण मागणं चुकीचं नव्हतं.

आता तुझंच बघ. मुलींना प्रबोधिनीचे दरवाजे कुठल्या गर्जनेनं उघडले? एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, १८ ऑगस्ट २०२१ ला अंतरिम आदेश निघाला आणि मुलींना परीक्षेला बसता आलं. ३० मे २०२५ ला पहिल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीनं संचलन करत बाहेर पडल्या. अर्जच तो! एकच कवायत, तीही एकत्र. आगरकरांना सांगायला हवं होतं कुणीतरी.

पण एवढ्यावर मवाळांच्या प्रेमात पडू नकोस. त्यांची उदारता बरीचशी शिकलेल्यांच्या दिवाणखान्यात फिरली. सभा त्यांच्या, ठराव त्यांचे, आणि ज्यांच्यासाठी सुधारणा करायची ते दाराबाहेर. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं. फुल्यांनी पत्रानं साफ नकार कळवला. जे सगळ्या माणसांचे हक्क मनापासून देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचं जमत नाही, असा त्याचा आशय. रानड्यांसारख्या भल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि त्यात फुल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उदारमतवाद्याला उदारमतवादाच्याच मापानं कुणी मोजलं असेल, तर ते याच पत्रानं.

त्या पत्राची प्रत सोबत ठेवली आहे. आगरकर नंतर वाच, आधी हे. आणि उत्तर फोनवर नको, लिहून पाठव.

तुझी
आत्या