सात मिनिटांची कॅसेट

परवा कपाट आवरताना एक जुनी कॅसेट सापडली. लेबलवर माझ्याच अक्षरात ‘मुलाखत’ एवढंच लिहिलेलं. रेकॉर्डिंग जेमतेम सात मिनिटांचं.

तेव्हा मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहायचे. एका ज्येष्ठ नाटककारांकडे गेले होते (नाव नको). पहिलाच प्रश्न : "या नाटकातून तुम्हाला नेमकं काय सांगायचंय?"

"नाटक पाहिलंत?"

"नाही, पण संहिता वाचलीय."

"मग मी आणखी काय सांगू?"

पुढची सहा मिनिटं मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतेय. शेवटी ते म्हणतात, "चहा घ्या आणि निघा."

मी भयंकर चिडले. लेखात त्यांना ‘तुसडे’ म्हटलं. संपादकांना शब्द आवडला, थेट मथळ्यात गेला.

कॅसेट ऐकताना मला हॅरॉल्ड पिंटर आठवला. त्याचं ‘द बर्थडे पार्टी’ १९५८ साली लंडनमध्ये आलं, तेव्हा समीक्षकांनी झोडपलं आणि आठवड्यात नाटक बंद पडलं. हॅरॉल्ड हॉब्सनने ‘संडे टाइम्स’मध्ये भरभरून कौतुक केलं, पण ते छापून आलं तेव्हा प्रयोग संपले होते! पुढे नाव झालं, आणि ‘तुमची नाटकं कशाबद्दल असतात?’ हा प्रश्न मागे लागला. एकदा कुणीतरी हेच विचारल्यावर तो वैतागून म्हणाला, दारूच्या कपाटाखाली दडलेल्या वीझलबद्दल. (वीझल म्हणजे मुंगसासारखा एक छोटा शिकारी प्राणी.) प्रश्न टाळायला फेकलेलं वाक्य. पण विद्वानांनी ते गंभीरपणे घेतलं, लेखांतून उद्धृत केलं. १९७० साली हॅम्बुर्गच्या भाषणात त्याला सांगावं लागलं, की बाबांनो, त्या वाक्याला काडीचाही अर्थ नव्हता.

म्हणजे उत्तर दिलं तरी पंचाईत, न दिलं तर तुसडा!

पण पिंटरला प्रश्नांचंच वावडं होतं असंही नाही. २००५ च्या नोबेल भाषणात त्याने आपल्या नाटकांचं सार सांगता येत नाही असं म्हटलं, आणि त्याच भाषणात इराक युद्धाबद्दल राज्यकर्त्यांना धारेवर धरलं. सत्ताधाऱ्याने उत्तर द्यायलाच हवं. नाटककाराने मात्र जे सांगायचं ते रंगमंचावर सांगितलेलं असतं. तिथे जाऊन बसणं हे आपलं काम.

मी ते केलं नव्हतं. ते नाटक मी चार वर्षांनी पाहिलं. मध्यंतरात कुणाशी बोलावंसं वाटेना. माझ्या प्रश्नाला एका वाक्याचं उत्तर नव्हतंच, हे तिथे बसल्या बसल्या कळलं.

त्यांना पत्र लिहायचं ठरवलं होतं. आज लिहू, उद्या लिहू करता करता ते गेले. ‘तुसडे’ मात्र अजून त्या जुन्या कात्रणात आहे, ठळक टाइपात.

असो. कॅसेट फेकली नाही.