कृत्रिम सूर्य आणि रात्रीची लाईट

मागच्या आठवड्यात गावाहून अण्णांचा फोन आला. "अरे, तो कृत्रिम सूर्य तयार झालाय म्हणे. आता वीज फुकट मिळणार. मग सोलर पंपाचा अर्ज कशाला भरायचा?" कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला होता.

अण्णा पंचाहत्तरीला आलेत. रात्रीची लाईट असली की आजही बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातात. दोन वर्षांपूर्वी बांधावर पायाशी घोणस निघाली, थोडक्यात वाचले. त्यामुळे हा फॉरवर्ड मला हसण्यावारी नेता आला नाही. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

तारापूरला १९६९ पासून जे चालतं, ते अणू फोडणं. युरेनियमचा जड अणू फुटतो, उष्णता निघते. सूर्यात उलटं होतं. तिथे हलके हायड्रोजनचे अणू जुळून हेलियम बनतो. जुळताना थोडं वस्तुमान कमी होतं आणि त्याचीच ऊर्जा होते. हेच संमीलन, म्हणजे फ्यूजन.

अडचण अशी की अणूंची केंद्रकं एकमेकांना ढकलतात. सूर्याच्या गाभ्यात प्रचंड दाब असल्याने दीड कोटी अंशांत भागतं. आपल्याकडे तो दाब नाही, म्हणून पंधरा कोटी अंश लागतात. एवढं तापलेलं कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकांच्या जोरावर ते भिंतींपासून दूर, अधांतरी धरून ठेवतात. या यंत्राला टोकामॅक म्हणतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाचा टोकामॅक १९८९ पासून आहे.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण इंधनातला ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे, एका घनमीटरला साधारण ३३ ग्रॅम. दुसरं इंधन ट्रिटियम, ते लिथियमपासून बनवावं लागेल. धूर नाही. काही बिघडलं तर प्लाझ्मा थंड होऊन प्रक्रिया आपोआप थांबते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राचे भाग किरणोत्सारी होतात हे खरं, पण हजारो वर्षं सांभाळावा लागणारा जळका युरेनियम मागे राहत नाही.

आता फुकट विजेचं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत १९२ लेझरचा मारा करून इंधनात २.०५ मेगाज्यूल ऊर्जा घातली आणि ३.१५ मेगाज्यूल मिळाली. मोठंच यश. पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. अण्णांना म्हटलं, "शंभराची वीज जाळून रुपयाचं पाणी काढलं, असं समजा." ते म्हणाले, "मग कसलं फुकट!"

फ्रान्समध्ये भारतासह सात भागीदार 'ईटर' हा महाप्रकल्प उभारतायत. त्याच्या जवळजवळ ३० मीटर उंच क्रायोस्टॅटचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला बनले, याचा अभिमान आहेच. पण तिथे खऱ्या इंधनाचे प्रयोग आताच्या वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये. आणि तो प्रकल्प वीज विकणार नाही, फक्त हे जमतं का ते दाखवणार.

होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत भाकीत केलं होतं की वीस वर्षांत संमीलन ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला, इतकं हे काम अवघड आहे. म्हणून ते सोडायचं नाही. उलट सरकारने त्यावर पैसा घालावा, पोरांनी ते शिकावं. नातवंडांना त्याचा उपयोग होईल.

पण अण्णांना पाणी यंदाच्या उन्हाळ्यात द्यायचंय. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी कुठल्याही कृत्रिम सूर्यासाठी थांबवण्याचं कारण नाही. शेवटी मी एवढंच म्हटलं, "अण्णा, सोलर पंपही फ्यूजनवरच चालतो. फक्त भट्टी पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे."

काल अर्ज भरला. तुमच्याही घरी तो व्हिडिओ आला असेल, तर घरच्यांशी एकदा बोला.