पायाखालचा शत्रू

१/ कॅनव्हासच्या बुटांवर हल्ली पंख पसरलेली इसिस दिसते, होरसचा डोळा दिसतो, चित्रलिपीच्या ओळी दिसतात. तरुणी ते हौसेने घालतात. प्राचीन इजिप्तमध्येही पादत्राणांवर चित्रे काढली जात. मात्र त्यांचा हेतू निव्वळ शोभेचा नव्हता.

२/ १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामेनची कबर सापडली. तीत लाकडी चपलांचा एक जोड होता, चामडे, झाडाची साल आणि सोन्याचा वर्ख यांनी सजवलेला. पाऊल जिथे टेकते, नेमके तिथेच दोन जखडलेले कैदी चितारले आहेत : एक न्युबियन, दुसरा पश्चिम आशियातील. सोबत धनुष्ये आहेत. धनुष्य ही इजिप्तच्या शत्रूंची रूढ खूण.

३/ राजाने पाऊल टाकले की शत्रू तुडवला जाई.

४/ पुढे ग्रीक-रोमन काळात ऐपतदार प्रजाजनांच्या काही ममींच्या पादावरणांवर, तळव्यांखाली, असेच बांधलेले शत्रू रंगवले गेले. राजाचा हा मान असा प्रजेपर्यंत पोहोचला.

५/ त्या न्युबियाच्याच राजांनी इ.स.पू. आठव्या शतकात इजिप्त जिंकून २५ वे राजघराणे स्थापले. न्युबियन लोक आजही आस्वानच्या परिसरात आणि सुदानमध्ये राहतात. त्यांच्या दृष्टीने चपलेवरचा तो कैदी म्हणजे नुसती नक्षी नव्हे.

६/ आजच्या बुटांवर देवता आल्या, कैदी मागे राहिले. इजिप्तची कला मिरवताना त्या कैद्याचीही ओळख असावी. तोही त्याच कलेचा भाग आहे.