कणांच्या सीमा

भेडाघाटच्या संगमरवराची शुभ्रता त्या द्रव्याच्या अंगची नव्हे. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचे असंख्य कण एकमेकांना भिडून हा खडक घडला. आत शिरलेला प्रकाश प्रत्येक कणाच्या सीमेवर वळतो, विखुरतो आणि पांढरा होऊन परततो. कॅल्साइटचा निर्दोष एकसंध स्फटिक पाहावा, तो काचेसारखा पारदर्शक असतो. शरद पौर्णिमेला पंचवटी घाटावरून नावेत बसणारे ज्या तेजाने मुग्ध होतात, ते या सीमांचे देणे आहे.

जबलपूरच्या मराठी घरात जन्म काढूनही मला हे कळले ते पुतणीकडून. ती पुण्यात हॅलाइड पेरोव्स्काइटचे स्फटिक वाढवते. मूळचे पेरोव्स्काइट हे उरल पर्वतातले खनिज. गुस्ताव रोझे यांनी १८३९ मध्ये त्याला एका रशियन सरदाराचे नाव दिले. पुतणीच्या स्फटिकांत रचना तीच, द्रव्ये निराळी. आणि तिला सीमाच नको असतात, कारण प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन तिथे अडकून वाया जातात. शिशाचे ब्रोमाइड आणि मिथाइलअमोनियम ब्रोमाइड सेंद्रिय द्रावकात विरघळवायचे, गाळायचे, आणि सावकाश तापवायचे. पाक निवताना खडीसाखर धरते. इथे ऐंशी अंशांच्या आसपास, तापल्यावर, नारिंगी ठोकळे जमू लागतात. काही तासांत काही मिलिमीटर! ही रीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मला तिचे फारसे नवल वाटले नाही. आमच्या विहिरीच्या पाण्याने बंबात चुन्याचा थर धरे तोही तापल्यावरच. कारण वेगळे असेल, पण दृश्य ओळखीचे.

गेल्या शरदात तिला नावेतून नेले. नावाडी यमके जुळवीत कड्यांतली चित्रे दाखवीत होता. ती मात्र पाण्याकडे पाहत होती.

“काका, माझा स्फटिक या पाण्यात पडला तर पाहता पाहता मोडेल. आतले शिसे पाण्यात उतरेल.”

“मग शिसे वगळा ना.”

“कथिल घालून पाहतात. ते हवेने लवकर बिघडते.”

उद्या असले पदार्थ घरांच्या छपरांवर चढतील, असे मी हौसेने म्हणालो. तिने मान हलवली. फुटलेल्या तावदानातले शिसे कोणी आणि कसे गोळा करायचे, हे आधी ठरू दे, म्हणाली. तिच्या प्रयोगशाळेत उरलेल्या द्रावणाचा थेंबही मोरीत जात नाही. तो वेगळ्या बाटलीत साठतो, वर तारीख लिहून.