न थांबणारें पक्वान्न

पक्वान्नांचे दोन वर्ग मीं आपल्यापुरते केले आहेत: थांबणारीं आणि न थांबणारीं. बुंदीचा लाडू पाहुण्याची आठ दिवस वाट पाहतो. आमच्या खानदेशांतले खापरावरचे पुरणाचे मांडे दुसऱ्या दिवशींही तितकेच गोड लागतात. जामनेरच्या आमच्या घरांत हीं थांबणारीं पक्वान्नेंच मानाचीं. पुरुषांची व मुलांची पंगत आधीं आणि वाढणाऱ्या बायकांची मागाहून अशी जेथें रीत, तेथें दुसरें काय मानाचें ठरणार?

ह्या व्यवस्थेंत दुसरें पक्वान्न शिरलें तें माझ्या नातवामुळें. त्याला दूध सोसत नाहीं. तुपाचा हात जरी लागला तरी अंगावर गांधी उठतात. सणाच्या दिवशीं त्याचें ताट निराळें, आणि त्यांत गोड म्हणून गुळाचा खडा. शेवटीं माझ्या सुनेनें दूध, तूप, अंडें कांहींच न लागणारें एक पुडिंग शोधून काढलें. अशा आहाराला 'व्हीगन' म्हणतात, आणि हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी ह्यांनीं रूढ केला. आपल्या शाकाहाराला दूधतुपाचें वावडें नसल्यामुळें तो आपल्या कानांना अजून परका वाटतो.

कृति सांगतें. दोन पिकलीं केळीं कुस्करावीं; जळगांव जिल्ह्यांत तीं शोधावीं लागत नाहींत. त्यांत वाटीभर कणीक, पाव वाटी तेल, अर्धी वाटी गूळ, अर्धा चमचा सोडा, लिंबाचा रस आणि लागेल तेवढें पाणी घालून मिश्रण खोल भांड्यांत ओतावें. वर आणखी अर्धी वाटी किसलेला गूळ व दोन चमचे कोको भुरभुरावा. मग, आणि येथें धीर पाहिजे, त्यावर दीड वाटी उकळतें पाणी सोडावें. पाहणाऱ्याला वाटतें, सारें बिघडलें! परंतु १८० अंशांच्या ओव्हनमध्यें चाळीस मिनिटांत उलटापालट होते. सोडा व आंबटपणा ह्यांपासून निघालेला वायु मिश्रणाला फुगवून वर उचलतो, पाणी गुळाला घेऊन तळाशीं उतरतें, आणि पिठांतलें सत्त्व फुगून त्या पाण्याला दाट करतें. वर केक, खालीं रस. शेंगोळे करणाऱ्या बाईला ह्याचें नवल वाटूं नये. कुळथाचे शेंगोळे उकळत्या पाण्यांत पीठ सोडून आपला रस्सा आपणच करतात. तिकडे कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १९२९ नंतरच्या मंदींत गरम पाक ओतून असेंच एक पुडिंग भाजूं लागले, आणि त्याचें नांवच मुळीं 'बेकाराचें पुडिंग' पडलें.

मात्र ह्या पुडिंगाला एक खोड आहे. दहा मिनिटें निवूं देऊन तें लगेच वाढावें लागतें. तासाभरांत वरचा केक खालचा रस पिऊन बसतो, आणि मागाहून येणाऱ्याला ओलसर केकाखेरीज कांहीं उरत नाहीं.

गेल्या आखाजीला माझ्या दोन्ही लेकी माहेरीं आल्या होत्या. सुनेनें भांडें मधोमध आणून ठेवलें आणि म्हणाली, "आई, आतां सगळ्यांनींच बसायचें. मागून बसलें तर रस मिळणार नाहीं."

"मग वाढणार कोण?" ह्यांनीं विचारलें. रागानें नव्हे; त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

कोणी उत्तर देण्यापूर्वीं नातवानें डाव उचलला. लग्नाला त्रेचाळीस वर्षें झालीं, पण सणाच्या पंगतींत ह्यांच्या शेजारीं मी त्या दिवशीं पहिल्यानें बसलें. रस इतका कढत होता कीं जिभेला चटका बसला. "गूळ जरा जास्त झाला," हे म्हणाले, आणि त्यांनीं वाटी पुन्हां पुढें केली.

पुढें गौरींना पुरण झालें, आणि पंगती पुन्हां दोन पडल्या. दिवाळीचें अजून ठरावयाचें आहे. सून म्हणते, पुडिंगच करूं. मीही तेंच म्हणतें. अद्याप मोठ्यानें नाहीं.