सहावी रजा

हिमालयातल्या जंगलात तंबू ठोकून राहायचं म्हटलं की सगळ्यात आधी काय जमवावं लागतं? बूट? स्लीपिंग बॅग? छे हो, रजा! बाकी सगळं भाड्याने मिळतं. रजा तेवढी स्वतःचीच लागते.

आमचं ठरलंय हर की दून. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, चार जण, चौघंही पुण्यात नोकरी करणारे. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद अभयारण्यात ही दरी आहे. डेहराडूनहून सांक्री साधारण दोनशे किलोमीटर, पण सगळा डोंगरातला रस्ता, त्यामुळे अख्खा दिवस जातो. तिथून जीपने तालुका. (गावाचं नावच तालुका! म्हणजे पत्ता ‘मुक्काम तालुका, जिल्हा उत्तरकाशी’.) मग सुपीन नदीच्या काठाने ओसला गाव, आणि त्यापुढे देवदार, खरसू, भोजपत्र अशी झाडं बदलत बदलत साडेतीन हजार मीटरपर्यंत चढायचं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. सांक्री गावच त्याच्यापेक्षा उंच आहे. म्हणजे जिथे आपला महाराष्ट्र संपतो, त्याच्याही वर यांची पहिली पायरी!

एक्सेल शीट अर्थातच मी बनवली. शनिवारी पुणे ते डेहराडून, रविवारी सांक्री, सोमवारी ओसला, मंगळवारी वरच्या जंगलात तंबू, बुधवारी हर की दून बघून परत तंबूत, गुरुवारी-शुक्रवारी उतरायचं, शनिवारी डेहराडून, रविवारी घर. नऊ दिवस आणि फक्त पाच रजा. हिशेब एकदम फिट्ट. मग मी मधे एक ओळ घातली : ‘ओसला, आराम’. झालं! परतीचा रविवार सोमवारवर गेला आणि ग्रुपवर युद्ध पेटलं.

‘आराम करायला हिमालयात कशाला जायचं? घरी झोपतो की!’ हे आमच्यातल्या मॅरेथॉनवीराचं म्हणणं. हा बाबा सिंहगड घड्याळ लावून चढतो. त्याला कसं सांगणार, की उंची तुमचा फिटनेस बघत नाही? तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. त्याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात, आणि ते रोज सकाळी दहा किलोमीटर पळून कमी होत नाहीत. उलट फिट माणूस भराभर वर जातो आणि आधी आडवा होतो. डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. (डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारा, ग्रुपला नाही.)

खरं सांगायचं तर पाच रजांचा प्लॅनही कागदावर या नियमात बसत होता. पण त्यात मोकळा दिवस एकही नव्हता. दरड कोसळली, पाऊस आला, कुणाचं पोट बिघडलं तर? जून २०२४मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यात, सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातल्या २२ जणांच्या गटाला खराब हवामानाने गाठलं. त्यातले नऊ जण परत आले नाहीत. त्यांची वाट आमच्यापेक्षा खूप वरची होती, हे मान्य. पण हवा बिघडली तर गप्प बसून राहायला हातात एक दिवस असावा, एवढं तरी कळतं ना?

आता मुक्कामाचं. हिरव्यागार कुरणात, समोर बर्फाचं शिखर आणि मधे आपला तंबू, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. तिथल्या या कुरणांना बुग्याल म्हणतात, आणि ऑगस्ट २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद करायचा आदेश दिला. त्यामुळे आम्ही तंबू खालच्या झाडांच्या पट्ट्यात, तीन हजार मीटरच्या आसपास धरलाय. नेमका कुठे चालेल, ते परवाना काढतानाच विचारून घ्यायचं. मला तर जंगलच आवडतं. वाऱ्याला आडोसा मिळतो आणि पाणी जवळ असतं.

सामानाच्या यादीवर फार बोलत नाही, पण दोन-तीन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. महागड्या स्लीपिंग बॅगखाली पातळ मॅट असेल तर रात्रभर जमीन तुमची ऊब शोषून घेते. बॅगवर एकाहून जास्त तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’वालं वाचायचं. ‘एक्स्ट्रीम’वालं फक्त जीव वाचण्यापुरतं असतं. जीन्स घरी ठेवा, सुती कपडा एकदा ओला झाला की वाळत नाही. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, रेल्वेतही नाही, तो डेहराडूनला घ्यायचा आणि प्रोपेन मिसळलेलाच घ्यायचा. नुसता ब्युटेन शून्याच्या आसपास संप पुकारतो. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशालाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. यावर आमच्याकडे जालीम उपाय आहे : दडपे पोहे! शिजवायची भानगडच नाही.

गिटारवाल्याला कॅम्पफायर हवी होती. नाही म्हणजे नाही. अभयारण्यात लाकूड तोडायचं नाही, आणि पडलेलं लाकूडही फुकटचं नसतं. त्या थंडीत ते वर्षानुवर्षं हळूहळू कुजतं, त्यावर किडे, शेवाळं, रोपं जगतात. हेडलॅम्पवर पाण्याची बाटली ठेवली की मस्त कंदील होतो. त्यात गा म्हटलं हवं तेवढं.

हे सगळं ठरत असताना आमची चौथी मैत्रीण गप्प होती. ती तशी कमीच बोलते. मग रात्री अकराला तिचा मेसेज आला : ‘अगं, मला काही झालं तर मी तंबूत पडून राहीन. तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे तुमची ट्रिप कशाला खराब?’

खाली लगेच तीन बदाम. मला मात्र धस्स झालं. कारण ही मुलगी डोकं फुटायला आलं तरी सांगणार नाही. आपल्याकडे पाहुणा तीनदा विचारल्याशिवाय चहाला हो म्हणत नाही. तो भिडस्तपणा घेऊन आपण डोंगरात जातो. ‘डोकं दुखतंय का गं?’ ‘नाही गं, थोडंसं.’ हे ‘थोडंसं’ फार वाईट! दुखणं लवकर कळलं तर तिथेच थांबून, आराम करून बरं वाटतं. दाबून ठेवून वर गेलं, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मग सकाळची वाट बघायची नसते, तडक खाली उतरायचं असतं. अशा माणसाला तंबूत एकटं तर अजिबात सोडायचं नाही.

त्या दरीच्या टोकाला स्वर्गारोहिणी शिखर दिसतं, ६,२५२ मीटर. पांडव तिथूनच स्वर्गाला गेले, असं सांगतात. ती गोष्ट आठवतेय ना? आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम, आणि धर्मराज मागे वळून न बघता चालत राहिले. त्यांना स्वर्गात जायचं होतं, ठीक आहे. आम्हाला सोमवारी ऑफिसला जायचंय, बॉस!

म्हणून मी शीटमध्ये दोन रकाने वाढवले. एक रोज संध्याकाळच्या मार्कांचा. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन. डॉक्टर वापरतात ती ‘लेक लुईस’ पद्धत. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन झाली की वर जाणं बंद. विचारपूस नाही, आग्रह नाही, नुसता आकडा सांगायचा. दुसरा रकाना जोडीदाराचा. एक उतरला की त्याची जोडी उतरणार, चर्चा नाही. मॅरेथॉनवीराची जोडी मी मुद्दाम चौथीबरोबर लावली.

तो दोन मिनिटं ‘टायपिंग’ दाखवत राहिला. मग म्हणाला, ‘असं असेल तर ओसल्याला एक दिवस थांबूच या.’ आणि त्याचा सहाव्या रजेचा अर्ज आम्हा सगळ्यांच्या आधी गेला.

दुसऱ्या दिवशी शीट उघडली, तर चौथीने आपल्या नावापुढे स्वतःहून लिहिलं होतं : ‘माझं डोकं घाटात गाडी लागल्यावरही दुखतं. महाबळेश्वरलाही दुखलं होतं. तेव्हा सांगितलं नव्हतं.’