चंद्रपूरची मीनळ

चांगली ऐतिहासिक प्रेमकथा शोधत राहणं ही माझी जुनी खोड. शाळेत असताना नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने ती लावली. आमच्या गावच्या वाचनालयातली प्रत इतक्या हातांतून गेली होती, की तिची पहिली चार पानं कुठे गेली ते ग्रंथपालालाही ठाऊक नव्हतं. पुढे 'स्वामी' (१९६२) वाचली, माधवराव-रमाबाईंसाठी रडले. 'राऊ' (१९७२) वाचली, मस्तानीसाठी रडले. पण या दोन्ही पेशवाईतल्या. मला हवी होती त्याही मागची गोष्ट, यादव-शिलाहार-कदंबांच्या काळातली. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, ते जुन्या इमारतीत होतं तेव्हापासून मी कपाटं धुंडाळली आहेत. शिवकाल आणि पेशवाई यांनी फळ्या भरलेल्या. त्याआधीच्या काळातलं माझ्या हाती क्वचितच काही लागायचं.

आणि लागलं तरी ते चांगलं असेलच असं नाही! माझी एक साधी परीक्षा आहे. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं. नायिकेला 'चंद्रमुखी' आणि 'कमलनयना' यापलीकडे लेखकाने काही काम दिलंय का, ते बघायचं. ती काय जेवते, कुणावर रागावते, माहेरचा निरोप पोचायला किती दिवस लागतात, हे त्याला ठाऊक असेल तर पुस्तक घरी न्यायचं. शेवटची कसोटी सगळ्यांत कठीण. लग्न लागल्यावर कादंबरी संपते, की सुरू होते?

या कसोटीला पुरेपूर उतरलेली कादंबरी मला मिळाली ती मात्र मराठीत नव्हे, गुजरातीत. आणि मिळाली बडोद्याला, माझ्या मावशीकडे.

मावशी १९६६ साली लग्न होऊन बडोद्याला गेली. वय एकोणीस. मडगावहून लोंढा, मिरज, पुणे, मुंबई करत तिची वरात पोचली. तिथल्या मराठी वस्तीत तिचं मराठीवर निभावलं असतं, पण दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ती गुजराती शिकली. एका मे महिन्यात मी तिच्याकडे गेले असता तिने क. मा. मुन्शींची 'पाटणनी प्रभुता' काढली. १९१६ सालची ही कादंबरी. मुन्शी बडोदा कॉलेजचे विद्यार्थी, म्हणून मावशीला त्यांचं भारी कौतुक. रोज दुपारी ती गुजराती वाचायची आणि आपल्या भाषेत मला सांगायची. राणी मीनळदेवी, तिचा लहान मुलगा, पाटणचे दरवाजे राणीच्याच तोंडावर बंद होतात तो प्रसंग, आणि मंत्री मुंजाल. राणीचं मन त्याच्यावर आहे, पण बोलायची सोय नाही. मी चहा विसरून ऐकायची.

तिसऱ्या दिवशी मावशीने चष्मा काढला. "बाये, ही मीनळ कुठली ठाऊक आहे? आपली. चांदरची!"

मी परत आल्यावर शोध घेतला. मावशी खरं बोलत होती. हेमचंद्राने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'द्व्याश्रय' काव्यात ती आहे. चंद्रपूरच्या कदंब राजाची, जयकेशीची मुलगी मयणल्ला. चंद्रपूर म्हणजे आजचं चांदर. अकराव्या शतकात गुजरातवर राज्य करणाऱ्या कर्णाचं चित्र पाहून ती त्याच्यावर भाळली, तिचं चित्र पाहून तो, आणि लग्न झालं. सगळं गोड.

पण मेरुतुंगाच्या चौदाव्या शतकातल्या 'प्रबंधचिंतामणी'त वेगळंच आहे. मुलगी पाटणला पोचते आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर कर्ण तिला नाकारतो. कारण ती रूपवान नाही! ती सख्यांसह अग्निप्रवेशाला निघते. तेव्हा कर्णाची आई उदयमती आडवी येते. ही मेली तर मीही मरेन, म्हणते. कर्ण लग्न करतो, पण तिच्याकडे बघतही नाही. ही उदयमती कोण, तर जिने पाटणची राणीची वाव बांधली ती. आपल्या शंभराच्या जांभळट नोटेवर आहे ती विहीर.

त्याच मयणल्लेचा मुलगा सिद्धराज जयसिंह, गुजरातचा सर्वांत नावाजलेला राजा. धोळक्याचा मलाव तलाव तिने बांधला असं तिथे सांगतात. मुंजालवरचं प्रेम मात्र कादंबरीकाराचं. मला ते पटतं. नाकारलेल्या मुलीला कुणीतरी प्रेम द्यायला हवं होतं. इतिहासाने दिलं नाही, मुन्शींनी दिलं.

या दोन्ही कथा मी पुढच्या खेपेला मावशीला सांगितल्या. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "माझाही फोटोच आला होता गं इथे. मी आले तेव्हा तुझे काका म्हणाले, फोटोत गोरी दिसत होतीस. दोन वर्षं धड बोलले नाहीत. सासूने सांभाळलं मला." आईलासुद्धा हे माहीत नव्हतं. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. आम्हांला ते मिठाई आणणारे म्हणूनच आठवतात.

तेव्हा मला कळलं, मावशीचं ते पुस्तक इतकं जीर्ण का झालं होतं.

गेल्या डिसेंबरात मी चांदरला कोटात गेले. कदंबकालीन देवळाचा पाया आणि डोकं नसलेला नंदी एवढंच उरलंय. तिथूनच मावशीला फोन लावला. तिला आता नीट दिसत नाही, पुस्तकं बंद झाली आहेत.

"नदी आहे का गं जवळ?" तिने विचारलं.

"आहे. कुशावती."

"म्हणजे होडीतनंच गेली असणार ती. तो दिवस कुणी लिहिलाय का आपल्याकडे? घरातनं निघाली तो?"

"मला अजून सापडला नाही, मावशी."

"मग शोध गो," ती म्हणाली. "आणि नाहीच सापडला तर तूच लिही. मला वाचून दाखवायला ये."